कोठी म्हणजे कपाट नव्हे
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रब्बीची ज्वारी निघाली, मळणी झाली, पोती घरात आली, की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण खरं सांगायचं तर इथे अर्धंच काम झालेलं असतं. शेतात पीक राखायला चार-साडेचार महिने लागतात. घरात तेच धान्य राखायला पुढची सुगी येईपर्यंत वर्षभर लागतं. शेतात पाखरू बसलं तर आपण गोफण घेऊन धावतो. घरात सोंड्या किडा आणि उंदीर गुपचूप खातात, तिकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

आज मी तुमच्याशी धान्याच्या लाकडी कोठीबद्दल बोलणार आहे. दुकानातून आणलेल्या पत्र्याच्या कोठीबद्दल नव्हे, तर गावच्या सुताराकडून किंवा घरच्याच माणसाने बनवलेल्या कोठीबद्दल. आपल्या सोलापूर, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव, आणि बीड या भागांत पूर्वी पेव होती, बळद होती, कणगी होती. माळवदाची जुनी घरं उतरवली, तसं बळदही त्यांच्याबरोबर गेलं. घर उतरवलं की सागाच्या, लिंबाच्या फळ्या निघतात, बाभळीच्या तुळया निघतात. मग कारभारी म्हणतो, ‘एवढं लाकूड पडलंय, तर एक कोठी करून घेऊ.’ विचार चांगला आहे. लाकूड चांगलं, सुतार हुशार, तरी दोन वर्षांत कोठी खिळखिळी होते. असं का होतं, आणि मोडकळीला आलेली कोठी थोडक्या खर्चात नीट कशी करायची, तेच आज पाहू.

चूक कुठे होते?

सुताराला कपाट माहीत असतं. त्याने आयुष्यभर कपाटं केलेली असतात. म्हणून कोठी करा म्हटलं की तो चार फूट रुंद, अडीच फूट खोल, पाच-साडेपाच फूट उंच असं कपाटच उभं करतो. समोर तीन फुटांचं दार, दाराला तीन बिजागऱ्या, एक कडी-कोयंडा. दिसायला देखणं होतं. पहिल्या वर्षी गळ्यापर्यंत ज्वारी भरतात. आखाडात बघावं तर दार पोटाशी फुगलेलं, खालची बिजागरी ढिली, कडी कोयंड्यात बसत नाही. दार उघडलं की पायलीभर ज्वारी पायावर सांडते. घरातली बाई रोज ती सांडलेली ज्वारी गोळा करून पाखडत बसते आणि मनातल्या मनात कोठी करणाराला बोल लावते. तिचं काही चुकत नाही.

आता याचं कारण समजून घ्या, कारण ते समजलं की पुढची सगळी दुरुस्ती आपोआप समजेल. कपाटात कपडे ठेवतो, भांडी ठेवतो. ती वस्तू जागेवर बसून राहते, तिचं वजन फक्त खालच्या फळीवर येतं. दाराला ती ढकलत नाही. धान्याचं तसं नाही. ज्वारीची पाटी जमिनीवर ओतून बघा, ती चहूबाजूंनी पसरते. कोठीत तिला पसरायला जागा नसते, म्हणून ती बाजूच्या फळ्यांना आणि दाराला बाहेर रेटते. पाण्याइतकी नाही रेटत, पण रेटते. आणि हा रेटा वर कमी, खाली जास्त असतो. म्हणूनच दार नेहमी खालच्या बाजूला आधी फुगतं.

हा रेटा किती, याचा अंदाज सांगतो. तीन फूट रुंदीच्या दाराआड साडेचार फूट उंच ज्वारी भरली, तर दारावर मिळून दीड ते दोन क्विंटलांचा रेटा येतो. म्हणजे दोन-तीन माणसं रात्रंदिवस आतून दाराला खांदा लावून ढकलत आहेत असं समजा. हा सारा भार तीन बिजागऱ्या आणि एका कडीवर! बिजागरीला धरणारे स्क्रू जेमतेम इंचभर लाकडात गेलेले. पावसाळ्यात लाकूड दमट होतं, स्क्रूची पकड सुटते, आणि बिजागरी बाहेर येते.

तात्पर्य काय, तर दोष लाकडात नाही, सुताराच्या हातातही नाही. दोष मांडणीत आहे. धान्याचा रेटा खिळ्यावर नि बिजागरीवर घेतला, इथे चूक झाली. तो लाकडाने लाकडावर घ्यायला हवा. एवढं एक वाक्य गाठीला बांधून ठेवा: भार लाकडावर यावा, खिळ्यावर येऊ नये.

आधी कोठी तपासा

कोठी भरलेली असताना दुरुस्तीला हात घालू नका. दार फुगलं आहे आणि कोठी भरलेली आहे, अशा वेळी दार एकदम उघडलं तर धान्य अंगावर येतं. दाराबाहेरून बाभळीचा आडणा लावा, दोन्ही बाजूंच्या खांबांना तो दोराने घट्ट आवळा. मग माथ्याच्या दोन फळ्या काढून वरून धान्य उपसा, आणि निम्म्यावर आलं की दार उघडा. लहान मुलांना धान्यात उतरवू नका. धान्य पायाखालून सरकतं आणि माणूस आत रुततो. यात जीव गेलेले आहेत.

दुरुस्तीला चांगला काळ म्हणजे सुगीच्या आधीचा, जुनं धान्य संपत आलेलं असतं तेव्हाचा. कोठी रिकामी झाली की ती उन्हात ओढा, कोपरे झाडा, आणि या चार गोष्टी बघा.

पहिली, बाजूच्या फळ्या खांबाच्या बाहेरून ठोकल्या आहेत की आतून? बाहेरून ठोकल्या असतील तर धान्य त्यांना खिळ्यांसकट बाहेर ढकलतं. आतून ठोकल्या असतील तर तेच धान्य त्यांना खांबावर दाबून धरतं. धान्य तेच, खिळे तेच. फक्त बाजू बदलली की रेटा वैरी असतो तो मित्र होतो.

दुसरी, बुडाच्या फळ्या कशावर बसल्या आहेत? खाली आडवी लाकडं आहेत, की नुसत्या बाजूंना खिळ्यांनी टांगल्या आहेत?

तिसरी, कोठी जमिनीला आणि भिंतीला टेकली आहे काय?

चौथी, फळ्यांमध्ये फटी किती? दोन सूत फट म्हणजे पाव इंच झाली. घरातल्या लहान उंदराला तेवढी पुरते. ज्वारी तर तिच्यातून सहज गळते.

दाराची दुरुस्ती: आतून फळ्या

आता मुख्य काम. दार काढून टाकायचं नाही. दार राहू द्या, ते कुलूप लावायला आणि धूळ-उंदीर अडवायला लागतं. फक्त धान्याचा रेटा त्याच्यावर येऊ द्यायचा नाही.

जुन्या बाजारपेठेतली दुकानं तुम्ही पाहिली असतील. रात्री दुकान बंद करताना दुकानदार खोबणीतून एकेक फळी सरकवतो आणि फळ्यांवर आकडे घातलेले असतात. तीच युक्ती इथे करायची, फक्त फळ्या आडव्या घालायच्या.

दाराची जागा तीन फूट रुंद असेल तर सव्वातीन फूट लांबीच्या फळ्या घ्या. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच फळी खांबाच्या आतल्या अंगाला टेकेल. धान्य फळीला बाहेर रेटेल, फळी खांबावर दाबली जाईल, आणि खिळ्यावर काहीही भार येणार नाही. फळी निदान एक इंच जाडीची असावी. काही जण पैसे वाचवायला अर्धा इंच फळी वापरतात. लक्षात ठेवा, जाडी निम्मी केली तर फळी दुप्पट नव्हे, आठपट वाकते.

फळी आत धान्याकडे पडू नये म्हणून खांबापासून थोडी आत, दोन्ही बाजूंना एकेक उभी पट्टी ठोका. खांब आणि पट्टी यांच्यामधली जागा हीच आपली खोबण. एक इंच म्हणजे आठ सूत. आठ सुताची फळी असेल तर खोबण नऊ सूत ठेवा. सुतारमामा म्हणतील, ‘एवढी ढिली कशाला?’ त्यांना सांगा, पावसाळ्यात लाकूड फुगतं. गच्च बसवलेली फळी आषाढात अडकते, मग ती काढायला हातोडा लागतो.

ही पट्टी बुडापासून चार फूट उंचीपर्यंतच ठोका. वरची फूटभर जागा मोकळी सोडा. फळी त्या मोकळ्या जागेतून तिरकी करून आत घ्यायची, आडवी करायची आणि खाली सरकवायची. सगळ्यांत खालची फळी नऊ इंच रुंद आणि तिच्यावर आठ-आठ इंचांच्या पाच फळ्या, म्हणजे चार फूट भरले. फळ्यांच्या कडा रंधून सरळ करा आणि गुण्या लावून बघा. प्रत्येक फळीवर डांबराने किंवा गेरूने १ ते ६ आकडे घाला, म्हणजे दरवर्षी ती आपल्याच जागी बसेल.

या सुट्या फळ्यांचा आणखी एक गुण आहे. खिळ्याने ठोकलेल्या फळ्या उन्हाळ्यात आकसतात आणि त्यांच्यामध्ये फट पडते, कारण खिळा त्यांना जागेवरून हलू देत नाही. सुट्या फळ्या मात्र आकसल्या की आपल्या वजनाने खाली बसतात आणि फट आपोआप मिटते. पावसाळ्यात फुगल्या तर वर सरकतात. लाकडाला हलायला जागा दिली की ते फाटत नाही. माणसाचंही तसंच आहे म्हणा!

खालच्या फळीला तोटी

रोजच्या धान्यासाठी सगळ्यात खालच्या नऊ इंची फळीला मध्यभागी चार इंच लांब, चार इंच रुंद असं भोक पाडा. आधी चार कोपऱ्यांना गिरमिटाने भोकं पाडून मग करवतीने कापलं तर फळी तडकत नाही. बाहेरून, भोकाच्या दोन्ही बाजूंना खाच असलेल्या दोन पट्ट्या स्क्रूने बसवा आणि त्यात जाड पत्र्याची झडप वर-खाली सरकेल अशी घाला. खाली पाटी धरायची, झडप बोटभर उचलायची, हवी तेवढी ज्वारी घ्यायची, झडप सोडायची. दार उघडलं तरी अंगावर काही येत नाही.

धान्य कमी होत गेलं की एक वेळ अशी येते की झडप उघडूनही ते येत नाही, मागच्या बाजूला उताराने थांबून राहतं. तेव्हा वरून एकेक फळी काढा आणि लाकडी फावड्याने ते पुढे ओढा. बुडाशी उतार करायच्या भानगडीत पडू नका. अडीच फूट खोल कोठीत धान्य आपोआप घरंगळेल एवढा उतार केला तर दोन-अडीच क्विंटलांची जागा फुकट जाते.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने अशी कोठी जळणाला काढली होती. त्याच्या कारभारणीने हट्ट धरला की एकदा फळ्या घालून बघू. सुताराचं दीड दिवसाचं काम निघालं. लाकूड घरचंच होतं, विकत आणले ते पाव किलो खिळे, थोडे स्क्रू आणि पत्र्याचा तुकडा. पुढच्या पावसाळ्यात दाराची कडी एका बोटाने लागत होती. सांगायचा मुद्दा असा की कोठीत रोज हात घालणारी बाई असते. कोठी करताना किंवा दुरुस्त करताना तिला आधी विचारा. झडप किती उंचीवर हवी, पाटी खाली बसते का, हे तिला जेवढं कळतं तेवढं तुम्हा-आम्हाला कळत नाही.

बाजू आणि बूड

बाजूच्या फळ्या बाहेरून ठोकलेल्या असतील तर त्या सगळ्या उचकटून काढायला नकोत. बुडापासून एक फुटावर आणि अडीच फुटांवर, बाहेरून, बाभळीच्या दोन इंच जाडीच्या आडव्या पट्ट्या लावा. त्यांची टोकं खांबात आरपार नट-बोल्टने आवळा आणि बोल्टखाली वायसर घाला. खिळा ओढला की निघतो, आरपार बोल्ट निघत नाही. खालची पट्टी फुटावर का? कारण रेटा खाली जास्त, हे आपण मघाशी पाहिलं.

बुडाचंही तेच. चार फूट रुंद, अडीच फूट खोल कोठीत चार फूट उंच ज्वारी भरली तर ती सुमारे साडेआठ क्विंटल होते. एवढं ओझं बूड आणि खांब मिळून पेलतात. बुडाच्या फळ्या नुसत्या खिळ्यांवर टांगलेल्या असतील तर त्यांच्याखाली दोन्ही कडांना आणि मध्ये अशी तीन आडवी लाकडं घाला. फळ्या त्या लाकडांवर बसल्या पाहिजेत आणि लाकडं पायांवर बसली पाहिजेत. पुन्हा तेच सूत्र: भार लाकडावर.

जमीन आणि भिंत सोडा

कोठी सरळ जमिनीवर बसवली की पावसाळ्यात जमिनीची ओल बुडाच्या फळीत चढते. बाहेरून काही दिसत नाही, पण तळची ज्वारी कळकट वास मारते, गोळे धरते. ओलीबरोबर बुरशी येते, आणि दमट दाण्यात सोंड्या किडा जोराने वाढतो. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने मातीच्या विटांची पुसा कोठी तयार केली, तेव्हा तिच्यात तळाला, भिंतींत आणि माथ्याला प्लॅस्टिकचा जाड कागद घातला, तो याच ओलीसाठी.

तुमच्या कोठीला पाय नसतील तर दगडाचे किंवा भाजलेल्या विटांचे फूट-दीड फूट उंचीचे ओटे करा. ओटे बुडाच्या आडव्या लाकडांच्या बरोबर खाली यावेत. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या कागदाची दुहेरी घडी घाला, म्हणजे ओल वर चढणार नाही. कोठी कुठेही डुलता कामा नये. हाताने हलवून बघा, आणि डुलत असेल तर पाचर मारून भरण्याआधीच नीट करा. भरल्यावर तिला कुणी हलवू शकत नाही.

भिंतीपासून कोठी दीड-दोन फूट लांब ठेवा. भिंत आणि कोठी यांच्यामध्ये माणूस केरसुणी घेऊन शिरला पाहिजे. जिथे केरसुणी जात नाही तिथे उंदीर जातो. पाय लाकडी असतील तर प्रत्येक पायाला पत्र्याची टोपी, पालथ्या नरसाळ्यासारखी, बसवा. उंदीर पायावरून चढत येतो, पत्र्याखाली अडकतो आणि परत फिरतो. पण कोठीला टेकून खोरं, टिकाव, पोती ठेवली तर या टोपीचा काही उपयोग नाही. तुम्हीच त्याला शिडी लावून दिलीत असं होईल.

फटी बुजवा

बारीक फटींसाठी लाकडाचा भुसा सरसात कालवून भरा. मोठी फट असेल तर लाकडाची बारीक चीप तासून बसवा. बाहेरून, काचेच्या खिडकीला लावतात ती लांबी भरली तरी चालते. कोठीच्या आत रंग, डांबर, जळकं तेल काही लावू नका. धान्य त्याला चिकटतं आणि वास धरतं. दाराच्या कडेला आतून जाड कापडाची घडी खिळवा आणि दाराची खालची कड पत्र्याने मढवा. उंदीर कुरतडायला तिथूनच सुरुवात करतो.

हवेसाठी म्हणून काही जण कोठीला भोकं ठेवतात. मी म्हणतो, ठेवू नका. वाळलेल्या धान्याला हवा लागत नाही, आणि ओलं धान्य भोकांनी वाळत नाही. त्या भोकांतून पावसाळ्याची दमट हवा आणि किडे मात्र आत येतात.

भरताना काय करावे

कोठी कितीही चांगली केली तरी ओलं धान्य तिच्यात टिकणार नाही. ज्वारीतला ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. घरी ओळखायची खूण जुनीच: दाणा दाताखाली धरा, कट्ट आवाज करून फुटला तर वाळला आहे, दबला तर अजून ऊन द्या. उन्हातली गरम ज्वारी मात्र लगेच कोठीत ओतू नका. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी भरा. गरम धान्य आत घामेजतं.

नवं धान्य जुन्यावर कधीही ओतू नका. जुन्या पायलीभर ज्वारीत असलेला किडा नव्या आठ क्विंटलांत पसरतो. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. वरून दाणा चांगला दिसतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत महिन्याभरात आतून नवा सोंड्या बाहेर पडतो. म्हणून आपल्याला किडा दिसतो तेव्हा त्याची एक पिढी होऊन गेलेली असते. कोठी दरवर्षी पूर्ण रिकामी करा, कोपरे आणि खोबणी खराट्याने झाडा. त्या सुट्या फळ्या बाहेर काढून दोन दिवस कडक उन्हात टाका. ठोकलेल्या फळ्यांना हे करता येत नाही, सुट्या फळ्यांना येतं. निघालेला केर अंगणात टाकू नका, जाळून टाका.

भरताना आधी खालच्या दोन फळ्या घाला, त्यांच्या उंचीपर्यंत ज्वारी भरा, मग पुढच्या दोन. अशाने पोतं डोक्यावरून वर चढवावं लागत नाही, घरातल्या बायकांनाही भरता येतं. महिन्यातून एकदा वरची फळी काढून हात कोपरापर्यंत धान्यात घाला. आतलं धान्य गरम लागलं तर किडा किंवा ओल आहे असं समजा आणि धान्य काढून पुन्हा ऊन द्या.

औषधाबद्दल दोन शब्द

धान्य वाचवा मोहीम १९६५-६६ साली सुरू झाली आणि तेव्हापासून साठवणुकीबद्दल गावोगाव सांगणं झालं. तरीही काही घरांत अजून जुनी सवय आहे, कोठीत पावडर चोळायची. त्या वेळची बी. एच. सी. पावडर १९९७ पासून आपल्या देशात बंद आहे. कुणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो कोठीजवळ आणू नका.

दुसरी गोष्ट धुरी देणाऱ्या गोळ्यांची. या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. लाकडी कोठी कितीही बुजवली तरी वायू कोंडून ठेवण्याइतकी घट्ट होत नाही. म्हणजे किडा मरत नाही, आणि वायू त्याच घरात झोपलेल्या मुलाबाळांकडे जातो. राहत्या घरात या गोळ्या कधीही वापरू नका. हे काम परवाना असलेल्या, शिकलेल्या माणसांचं आहे आणि ते घराबाहेरच्या गोदामात करायचं.

कडधान्याला कोठी नकोच. तूर, हरभरा, मूग यांना भुंगेरा लवकर लागतो. ते पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शक्य तर डाळ करून ठेवा. अख्खं ठेवायचं तर किलोला पाच मिलिलिटर, म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर खायचं तेल चांगलं चोळा. बियाणंही खायच्या धान्याबरोबर कोठीत टाकू नका. ते वेगळं, घट्ट डब्यात, नाव आणि वर्ष लिहून ठेवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. कोठीतलं धान्य बाजूंना रेटतं. हा रेटा लाकडावर घ्या, खिळ्यावर किंवा बिजागरीवर नको.
२. दाराच्या आतून, खांबांना टेकलेल्या, एक इंच जाडीच्या सुट्या फळ्या घाला. खोबण एक सूत ढिली ठेवा.
३. खालच्या फळीला सरकती झडप बसवा.
४. बाजूंना बाहेरून पट्ट्या, बुडाखाली तीन आडवी लाकडं.
५. कोठी जमिनीपासून फूट-दीड फूट वर, भिंतीपासून दीड-दोन फूट लांब.
६. धान्य वाळवून, गार करून, स्वच्छ रिकाम्या कोठीत भरा. जुन्यावर नवं ओतू नका.
७. राहत्या घरात विषारी गोळ्या नकोत.

बंधूंनो, नवी कोठी घ्यायची ऐपत प्रत्येकाची नसते, आणि गरजही नसते. तुमच्या घरात जी कोठी आहे ती उन्हात ओढा, सुताराला बोलवा, हे पत्रक त्याच्या हातात द्या आणि कारभारणीला शेजारी उभं करा. तिघांनी मिळून अर्धा तास कोठीकडे बघितलं तरी काय करायचं ते समजेल. वर्षभराची भाकरी त्या चार फळ्यांच्या आड आहे, एवढं ध्यानात ठेवा.

काही अडचण आली तर पंचायत समितीच्या कृषी विभागात या. येताना कोठीची लांबी, रुंदी, उंची आणि फळीची जाडी कागदावर मांडून आणा, म्हणजे नेमकं सांगता येईल.

नमस्कार.